तटावरून न दिलेली ओ

१

हाकेला लगेच ओ द्यायची नाही, हा राजाभाऊ मयेकरांचा जन्माचा नियम. पहिल्या हाकेला गप्प बसायचं. दुसऱ्या हाकेला "आलो, आलो" म्हणायचं आणि खुर्चीतून हलायचं नाही. तिसऱ्या हाकेला विभावरीबाई हातातलं लाटणं तसंच घेऊन दारात उभ्या राहिल्या, की भोळा चेहरा करून विचारायचं, "अगो, बोलावलंस की काय?" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. मोडला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माणूस मूळचा मालवणचा. वेल्डिंग शिकून शहात्तर साली हॅम्बर्गच्या गोदीत लागला, तो तिथेच म्हातारा झाला. शिक्षण यथातथा, हात सोन्याचा, आणि अंगात खोड्या इतक्या की गोदीतला फोरमन बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचा. एकदा त्यातून सुकट निघाली होती. दर दिवाळीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये राजाभाऊंचा मातीचा किल्ला असायचाच. सिंधुदुर्ग झाला, विजयदुर्ग झाला, पद्मदुर्ग झाला. लोक वाकून वाकून बघायचे, आणि राजाभाऊ बुरुजात लपवलेल्या नळीतून त्यांच्या नाकावर पाणी उडवायचे.

या वर्षी मात्र मंडळाला त्यांनी नकार कळवला आणि किल्ला मांडला तो स्वतःच्या इमारतीच्या तळघरात. त्याला तिकडे केलर म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांचा एकेक पिंजरा, त्यात सायकली, गुंडाळलेले गालिचे आणि न आवडलेले आहेर. राजाभाऊंच्या पिंजऱ्याला छताशी एक आडवी खिडकी होती, बाहेरच्या फुटपाथच्या पातळीत. तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. आणि दिवा म्हणजे खास जर्मन दिवा. बटण दाबलं की तीन मिनिटं जळणार, मग टक् करून विझणार. पाया पडलात तरी चौथं मिनिट मिळायचं नाही.

क्षितिज चित्रं घेऊन आला. हा मंडळाचा सेक्रेटरी, पुण्याचा आयटीवाला. दिवाळीआधी पुण्याला गेला की राजाभाऊंसाठी मातीची चित्रं आणायचा, मोज्यांत गुंडाळून.

"तुतारीवाल्याची तुतारी तुटली, सॉरी हं," तो म्हणाला. "मावळे सगळे धड आहेत. गवळण पण आहे. आणि राजाभाऊ, हा गड कुठला?"

"ओळख."

"तीन बाजूंनी समुद्र. जंजिरा? नाही. मधे चर्च कसं?"

"जंजिऱ्यावर सगळे बाटले. तुला ईमेल आला नाही काय?"

क्षितिज हसला आणि हसता हसताच थांबला. चर्चच्या मागे एक बारकी गल्ली होती, तिच्या तोंडाशी लेस विकणाऱ्या दुकानाचा निळा पडदा होता, राजाभाऊंच्या जुन्या शर्टाचा. असाच पडदा त्याने कुठल्यातरी बातमीतल्या फोटोत पाहिला होता.

"हे ते गाव आहे," तो हळूच म्हणाला. "काकूंचं."

"महाराजांना कुठे बसवू ते सांग," राजाभाऊ म्हणाले, आणि मोज्यातून एकेक मावळा काढून फुंकर मारत राहिले.

मे महिन्यात त्या गावात विभावरीबाई गेल्या होत्या. दरवाजावरच्या फिरत्या दांड्याने त्या आत गेल्याची नोंद केली होती. बाहेर आल्याची नोंद नव्हती.

२

तोरेसाले म्हणजे इटलीच्या टाचेला, समुद्रात घुसलेल्या खडकावर बसलेलं मूठभर गाव. चहूबाजूंनी तट. जमिनीकडून एक दरवाजा, समुद्राकडून एक. समुद्राकडच्या दरवाजाला आता लोखंडी जाळी, ती कायमची बंद. पाचशे वर्षांपूर्वी चाचे गलबतं घेऊन यायचे आणि धान्य-दागिने सोडून माणसंच उचलून न्यायचे, म्हणून हा सगळा बंदोबस्त. राजाभाऊंना गाव बघताक्षणी आवडलं. फांजी, म्हणजे तटाच्या माथ्यावरची चालायची वाट, अगदी आपल्या सिंधुदुर्गाएवढी रुंद. जंग्याही तशाच, बंदुकीची नळी खाली वळेल अशा तिरप्या.

"आमच्याच गवंड्याने बांधलाय," ते गाईडबाईला मराठीत म्हणाले. गाईडबाई मान डोलावून "सी, सी" म्हणाली. बिचारी.

समुद्राच्या बाजूला घरं तटाला पाठ लावून होती आणि त्यांच्या खिडक्या तटातच काढलेल्या होत्या. पण त्यातल्या कितीतरी दगडांनी बुजवलेल्या. गाईडने सांगितलं, संध्याकाळी दरवाजे बंद व्हायच्या आधी बायका या खिडक्यांतून होडीवरच्या आपापल्या माणसाला हाक मारायच्या आणि पाण्यावरून ओ यायची. तीन संध्याकाळी ओ आली नाही, की गावातले गवंडी येऊन त्या घराची खिडकी दगडाने बंद करायचे. बाईने आणखी हाका मारत बसू नये म्हणून.

"नव्वदच्या वर आहेत," गाईड म्हणाली, आणि सगळ्यांनी मोबाईल वर केले.

विभावरीबाईंनी केला नाही. त्यांनी विचारलं, "आणि चौथ्या संध्याकाळी आला तर?" गाईडला हे कुणी विचारलं नसावं. ती पुढच्या बुरुजाकडे वळली.

उन्हात चालता चालता विभावरीबाई म्हणाल्या, "अहो, मी हाक मारली तर ओ द्याल ना?"

"मारून तर बघ," राजाभाऊ म्हणाले.

हे त्या दोघांचं शेवटचं बोलणं.

त्या लेसच्या दुकानात शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा राजाभाऊ नव्हते. पोलिसांना राजाभाऊंनी सांगितलं की ते चौकातल्या स्वच्छतागृहाच्या रांगेत होते आणि परत आले तर बायको गायब. दुकानवालीने सांगितलं की एक बाई दीड तास गावभर "अहो, अहो" करत फिरत होती. तिकडच्या पोलिसांनी तीन दिवस सगळी हॉटेलं पालथी घातली, आहो नावाच्या गृहस्थाच्या शोधात. शेवटी मुलीने, मालविकेने, एर्लांगेनहून फोन करून त्यांना समजावलं की आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मग त्यांनी तटाच्या पडक्या कठड्याचा फोटो जोडला, समुद्राकडे बाण काढला आणि फाईल मिटवली. समुद्राने काही परत दिलं नाही.

ती कुठल्या गल्लीत वळली, एवढंच राजाभाऊंना पाहिजे होतं. नकाशात कळत नव्हतं. हाताने एकदा बांधलं की कळेल, असं वाटलं. सगळं आयुष्य त्यांना हातानेच कळत आलं होतं.

३

किल्ल्यावर हळीव पेरतात ते उतारावर. हिरवं रान दिसावं म्हणून. गल्ल्यांत, अंगणात कुणी पेरत नाही. पण राजाभाऊ मुठीतून हळीव सोडत असतानाच टक् करून दिवा गेला, आणि बटणाकडे जाताना पुडीच सांडली. तटावर, चौकात, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे. "राहू दे," ते म्हणाले. "गावाला केस येतील."

जर्मन लोक ही हळीव पावावर घालून खातात, त्यामुळे ती वाण्याकडे बारा महिने मिळते, आणि उगवते ती जर्मन शिस्तीत. तिसऱ्या दिवशी सगळं गाव हिरवं. प्रत्येक कोंब खिडकीकडे मान वळवून.

गवळण त्यांनी लेसच्या दुकानाबाहेर ठेवली होती. डोक्यावर घागर, एक हात कमरेला. विभावरीबाईंनी जन्मात घागर उचलली नव्हती, त्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये होत्या. पण चित्रांत बाई एवढीच.

चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता राजाभाऊ खाली उतरले, बटण दाबलं आणि थबकले. दुकानापासून चौकापर्यंत हळीव आडवी झाली होती. बोटाएवढ्या रुंदीची पट्टी, कोंब न् कोंब एका बाजूला लोळलेला. शेतातून रोज माणूस गेल्यावर पायवाट पडते, तशी.

उंदीर, राजाभाऊंनी ठरवलं. शेजारच्या पिंजऱ्यातल्या पेटरसनबाईंना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"हेर मयेकर," त्या मणक्याला इस्त्री मारल्यासारख्या ताठ झाल्या, "हे घर १९११ सालचं आहे. या घरात उंदीर नाहीत."

"मग एकोणीसशे अकरापासून उपाशी असतील बिचारे."

बाई हसल्या नाहीत. राजाभाऊंनी मग वरून रांगोळीचा डबा आणला, विभावरीबाईंचा, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना पांढरी पूड पसरली. आता उंदराची पावलं उमटतील, मग बघू १९११.

दुसऱ्या दिवशी रांगोळी जशीच्या तशी होती. वाट मात्र चौक ओलांडून पुढे गेली होती.

त्यांनी गवळण उचलली. ती ठेवली होती तिथेच होती, तोंडही तिकडेच. सहज म्हणून त्यांनी ती उलटी केली. बुडाची माती, जी पांढरी असते, ती हिरवी झाली होती. चुरडलेल्या पाल्याचा रस लागल्यासारखी. त्यांनी बोटाने घासून वास घेतला. हळिवीचा तिखट, ओला वास.

टक्. दिवा गेला.

खिडकीतून थोडा उजेड होता. बाहेर पाऊस. कुणाचे तरी पाय गेले, तपकिरी सँडलमधले. ऑक्टोबरच्या पावसात सँडल, राजाभाऊंच्या मनात आलं. काय एकेक लोक असतात. थोड्या वेळाने तेच पाय उलट्या दिशेने गेले.

४

पुढचे तीन दिवस राजाभाऊ वर फक्त जेवायला आणि झोपायला गेले. त्यांनी स्वतःला सगळी कारणं देऊन बघितली. ओल धरली असेल. खिडकीच्या फटीतून वारा येत असेल. आपणच झोपेत उतरून बोट फिरवत असू. म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा? म्हणून त्यांनी पिंजऱ्याला कुलूप लावून किल्ली रात्री पेटरसनबाईंकडे ठेवायला दिली. बाईंनी ती पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

वाट वाढतच होती. तिला घाई नव्हती, पण ती दमतही नव्हती. आंधळ्या गल्लीत शिरायची, शेवटच्या भिंतीशी हळिवीत एक छोटं गोल व्हायचं, जसं कुणी तिथे उभं राहून मागे-पुढे बघितलं असावं, आणि मग परत फिरायची. प्रत्येक दाराशी असं गोल. आणि या सगळ्यातून फिरून फिरून ती एकाच ठिकाणी यायची. चौकातल्या स्वच्छतागृहाशी. तिथे तर हळीव उरलीच नव्हती. घाण्याच्या बैलाने फिरावं तसं त्या आगपेटीएवढ्या खोलीभोवती रिंगण पडलं होतं, माती दिसेपर्यंत.

ते बघून राजाभाऊ पायरीवर बसले.

मी सांगितलं तिथेच ती मला शोधते आहे, त्यांना वाटलं.

कारण राजाभाऊ तिथे नव्हतेच. कधीच नव्हते. पोलिसांना, मालविकेला, मंडळाला, अगदी देवापुढेही त्यांनी तेच सांगितलं होतं, आणि पाच-सहा महिन्यांत ते त्यांना स्वतःलाही जवळजवळ पटलं होतं. खरं असं, की विभावरीबाई दुकानात शिरल्या आणि राजाभाऊ दगडी जिन्याने फांजीवर चढले. तिसऱ्या दातेरी दगडामागे आडवे झाले आणि जंगीतून खाली बघत राहिले. बायको बाहेर आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "अहो!" राजाभाऊंचं पोट गदगदत होतं. ती खालून एकदा गेली, दोनदा गेली, त्यांच्या अगदी नाकाखालून. पायातले तपकिरी सँडल, एकाचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. तो त्यांनीच शिवला होता, हॉटेलात, आदल्या रात्री.

ऊन छान होतं. जेवताना दोन पेले वाईन झाली होती. टोपी तोंडावर घेतली.

झोपेत त्यांना हाक ऐकू आली होती. झोपेतच ते "आलो, आलो" म्हणाले होते. मग त्यांनी कूस बदलली.

जागे झाले तेव्हा घंटा वाजत होत्या आणि दगड गार झाले होते.

५

शनिवारी मालविका आली. एर्लांगेनहून पहाटेची गाडी पकडून, खांद्यावर लॅपटॉप, हातात डाळिंबं. दारावर एक कागद चिकटवला होता तो वाचूनच ती केलरमध्ये उतरली.

"बाबा, वाचलंत का? सोमवारी केलरच्या खिडक्या बुजवणार आहेत. थंडी आत येते म्हणून. विटा लावून कायमच्या. तुमचा पसारा हलवायला लागेल."

"सोमवारी?" राजाभाऊ म्हणाले. "ह्या लोकांकडे एरवी गळका नळ दुरुस्त करायला तीन महिन्यांनंतरच्या तारखेचा टेर्मिन मिळतो."

"विषय बदलू नका. गुरुजींशी बोललेय मी. सोमवारीच अमावास्या आहे. एल्बे नदीच्या काठी आईचं कार्य करू, दुपारी. तुम्ही फक्त हो म्हणा."

"जिवंत माणसाचं करत नाहीत."

"आणि मेलेल्या माणसाला किती दिवस ताटकळत ठेवतात?" मालविकेचा आवाज चिरकला. "तुमचं आयुष्य गेलं तिला ताटकळत ठेवण्यात. बाबा, प्लीज. आता तरी पुरे."

मग तिची नजर किल्ल्यावर गेली. ती वाकली. हळिवीतल्या वाटेवरून तिने अधांतरी बोट फिरवलं, दुकानापासून चौकापर्यंत, चौकातून त्या रिंगणापर्यंत.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही."

"आल्झो... म्हणजे बाबा, ही पण गंमत?"

"नाही गं."

ती रिंगणाकडे बघत राहिली. मालविका वैद्यकीय यंत्रांवर काम करणारी, हाडांतली बारीक चीर पडद्यावर शोधणारी. तिने चीर शोधली. "आई इथे आली होती असं दाखवलंय. इतक्यांदा. पण तुम्ही तर इथेच होतात ना? मग तुम्हाला ती दिसली कशी नाही?"

टक्.

अंधारात तोंड दिसत नाही हे बरं असतं. राजाभाऊंनी बटणाकडे हात नेला नाही. तिसरा दातेरी दगड, टोपी, वाईन, कूस, सगळं सांगितलं. एरवी तासभर रंगवली असती ती गोष्ट चार वाक्यांत संपली. वरून कुणीतरी सायकल ओढत नेली. पाइपातून पाणी गेलं.

मालविकेने बटण दाबलं. लहानपणी गुडघा फुटला की ती जर्मनमध्ये रडायची. आईला कळू नये म्हणून. आता तिचे ओठ हलले ते जर्मनमध्येच. "गेश्लाफेन?" झोपला होतात? आणि मग मराठीत, अगदी हळू, "दीड तास, बाबा?"

ती वर गेली. दार आपटलं असतं तर राजाभाऊंना बरं वाटलं असतं. तिने ते आवाज न करता लावलं.

६

रविवारी दुपारी चार वाजता राजाभाऊ खाली आले. हॅम्बर्गच्या आभाळाने तोवर दुकान आवरायला घेतलं होतं. बटण दाबलं. मोज्यातून त्यांनी तुतारीवाला काढला, तोंडाशी हात नेलेला, तुतारी तुटलेली. स्वतःसाठी याच्याहून शोभेल असं चित्र पुण्याच्या बाजारात मिळालं नसतं.

तो त्यांनी फांजीवर ठेवला. तिसऱ्या दातेरी दगडामागे. आडवा नाही, उभा. कुणालाही खालून दिसेल असा.

"हा मी," ते म्हणाले. किल्ल्याला म्हणाले, की कुणाला, देव जाणे.

काही झालं नाही. पाइपातून पाणी गेलं. टक् करून दिवा गेला, त्यांनी परत लावला. परत गेला. परत लावला. खिडकीतून पाय गेले: काळे बूट, लहान मुलीचे लाल गमबूट, कुत्रा. मग थोडा वेळ कुणीच नाही.

मग तपकिरी सँडल आले. खिडकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. थांबले. फिरले. दोन्ही टाचा जवळ घेऊन जागच्या जागी गोल फिरले, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून माणूस इकडे-तिकडे बघतं तसे. पाऊस नव्हता, तरी पाय ओले होते. उजव्या पट्ट्यावर निळा दोरा होता.



"अहो."

आवाज मोठा नव्हता. खिडकीतून आला म्हणावं तर काच बंद होती. किल्ल्यातून आला म्हणावं तर मातीला कंठ नसतो. कुठूनतरी लांबून, उन्हातून आल्यासारखा, आणि चिडका बिलकुल नाही. थकलेला. भाजीची पिशवी जिन्यात ठेवून दाराशी मारावी तशी हाक.

आणि काय सांगावं, राजाभाऊंचा घसा सवयीने मिटला. पहिली हाक. पंचेचाळीस वर्षांचा नियम गळ्याशी येऊन बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. दिव्याचं यंत्र भिंतीत कुरकुरत मिनिटं मोजत होतं. सँडलची एक टाच उचलली गेली, निघायला.

"ओ!" राजाभाऊ ओरडले. "ओ! इथे आहे मी! विभा, वर बघ, वर!"

टाच खाली टेकली.

पावलं वळली, काचेकडे. नखांना लावलेला लाल रंग कडेने उडालेला होता. मग गुडघे वाकायला लागले, साडीची ओली कड फुटपाथला टेकली, कुणीतरी खाली वाकून आत बघणार होतं.

टक्.

राजाभाऊ धडपडत बटणापर्यंत पोचले तोवर खिडकीत फक्त दगडी फुटपाथ होता. लेसच्या दुकानाबाहेर गवळण नव्हती.

७

सोमवारी सकाळी आठ वाजता ते किल्ला उतरवायला गेले, आणि दहा मिनिटांत वर आले. मालविका ओट्याशी कणीक मळत होती. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"गुरुजींना सांग, करू या," राजाभाऊ म्हणाले.

तिने मान वर केली. इतक्या सहज हो येईल असं तिला वाटलं नव्हतं. "नक्की?"

"गेनाऊ. आणि सामग्री जरा जास्त आणायला सांग."

"जास्त कशाला?"

"असू दे. परत परत कोण धावाधाव करणार?" ते तिच्याजवळ गेले आणि कणकेचं बोट त्यांनी तिच्या नाकाला लावलं, लहानपणी लावायचे तसं. ती हसली नाही, पण नाक पुसलंही नाही. "रागावलीयस ना? राग बरोबर आहे तुझा. ठेव तो. फक्त एखाद दिवस उपास घाल त्याला."

मग त्यांनी दाढी केली. स्वच्छ शर्ट घातला. कपाटाच्या तळातून उन्हाळी सँडल काढले आणि ते हातात घेऊन खाली उतरले.

त्यांनी सकाळी पाहिलं होतं ते तसंच होतं. स्वच्छतागृहाभोवतीचं रिंगण भरून आलं होतं, हळीव पुन्हा ताठ उभी. आंधळ्या गल्ल्या हिरव्यागार. एकच वाट राहिली होती. दुकानापासून निघून ती सरळ जिन्याने फांजीवर चढली होती, तिसऱ्या दातेरी दगडापर्यंत, एका बोटाची. तिथे तुतारीवाला नव्हता. आणि तिथून ती खाली उतरली होती, दोन बोटांची. दोघं शेजारी शेजारी चालली की पडते तेवढी रुंद. ती समुद्राकडच्या दरवाजाला गेली होती. चहाच्या गाळणीची जाळी कापून राजाभाऊंनी तो स्वतः बंद केला होता, पक्क्या गोंदाने. जाळी बाहेरच्या अंगाला उघडी होती. पलीकडे निळा रंग दिलेली फळी, म्हणजे समुद्र. निळ्यावर हिरव्या पाल्याचे दोन दोन ठिपके, जोडीने, थोडं अंतर, मग पुसट, मग नुसता निळा.

वर खिडकीत गवंड्याचे बूट आले. त्याने सिमेंटचं घमेलं टेकवलं. विटांचा थर लावायला घेतला, डावीकडून. आणि त्याच्या बुटांच्या पलीकडे, अगदी उजव्या टोकाला, तपकिरी सँडल उभे होते, बोटं रस्त्याकडे केलेले. कुलूप हातात घेऊन बाई जिन्यात उभी असते आणि आत नवरा चष्मा शोधत असतो, तसे. गवंडी त्यांच्याकडे बघत नव्हता.

राजाभाऊंनी पायरीवर बसून बूट काढले. सँडल घातले. पट्टा लावायला जरा वेळ लागला.

"आलो, आलो," ते म्हणाले. आणि उठले.

वर मालविका पोळ्या लाटत होती. फोनवर गुरुजी खोळंबले होते, गोत्र विचारत. "बाबा!" तिने हाक मारली. ओ आली नाही. त्यांचा नियम तिला ठाऊक होता, म्हणून तिला काही वाटलं नाही. "बाबा, गुरुजी विचारतायत!" खाली विटेवर थापी वाजत होती.

मग हातातलं लाटणं तसंच घेऊन ती केलरच्या जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, आणि तिने तिसरी हाक मारली.

टक् करून खालचा दिवा विझला.